ट्रॅकवाल्यांचा क्लब की सगळ्यांचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एका जर्मन बनावटीच्या गाड्यांच्या क्लबाच्या प्रादेशिक शाखेवर तुम्ही यंदा निवडून आलात आणि सहली-जेवणांचं खातं तुमच्याकडे आलं. पहिल्याच बैठकीत कळलं, की वसंतातल्या ट्रॅकच्या, म्हणजे शर्यतीच्या सर्किटवर आपापली गाडी चालवायला शिकण्याच्या, शनिवार-रविवारी पावसाच्या अंदाजामुळे नोंदणी कमी झाली, तोटा क्लबाच्या शिलकीतून भरला गेला आणि त्यापायी ऑक्टोबरच्या सहलीतल्या जेवणाची सवलत गेली. सभासदांत ट्रॅकवर जाणारे जेमतेम आठांत एक, पण कार्यकारिणीत बहुमत त्यांचं. त्यातला एक जण तुमच्या मंडळींना तोंडावर ‘ब्रंचवाले’ म्हणाला. चूक कोणाची, आणि क्लबाचे दोन तुकडे केले तर बरं पडेल का, असं तुम्ही विचारलंय.

मी अशाच एका क्लबात बरीच वर्षं शेजारच्या सीटवर बसून ट्रॅकवर शिकवतोय आणि मध्ये काही काळ खजिनदारही होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंची बोलणी खाऊन झाली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. वरवर हे वेगाची हौस आणि चकाकीची हौस यांचं भांडण वाटतं. त्याचं मूळ जमाखर्चाच्या वहीत असतं. वही नीट लिहिली जात नाही, मग प्रत्येकाला वाटतं की दुसरा आपल्या पैशांवर मजा करतोय.

ट्रॅकच्या कार्यक्रमाचं अर्थकारण बहुतेक सभासदांना माहीतच नसतं, म्हणून त्यावर जरा थांबतो. सर्किटचं दिवसाचं भाडं ठरलेलं असतं. साठ गाड्या आल्या काय नि एकशे वीस आल्या काय, आकडा तोच. अनामत कित्येक महिने आधी भरावी लागते आणि ऐनवेळी माघार घेतली तर ती जाते. त्यावर रुग्णवाहिका, गाडी ओढणारा ट्रक, वळणावळणावर झेंडे घेऊन उभे राहणारे लोक आणि विमा, हा खर्चही गाड्यांच्या संख्येवर फारसा अवलंबून नसतो. म्हणजे पहिल्या बहुतेक नोंदण्या फक्त खर्च भरून काढतात आणि नफा की तोटा हे शेवटच्या पंधरा-वीस नोंदण्यांवर ठरतं. त्या पंधरा-वीस जणांनी बुधवारी हवामानाचा अंदाज बघितला की खजिनदाराची झोप उडते.

भरलेल्या वर्षी हाच कार्यक्रम बरे पैसे मिळवून देतो. ते पैसे त्याच सामाईक शिलकीत जातात आणि त्यातून उन्हाळ्यातली पिकनिक होते, देणगी जाते, वर्षअखेरच्या जेवणाचा हॉल ठरतो. तेव्हा कोणी उठून ट्रॅकवाल्यांचे आभार मानत नाही, कारण पैसा कुठून आला हे कोणी सांगितलेलंच नसतं. पावसाच्या वर्षी मात्र तोटा आणि रद्द झालेली सवलत एकाच बैठकीच्या इतिवृत्तात शेजारी-शेजारी छापून येतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय असं मला वाटतं.

तेव्हा ट्रॅकचं खातं वेगळं करा. बँकेत नव्हे, वहीत. मागच्या किमान तीन वर्षांचा ट्रॅकचा जमाखर्च एका पानावर मांडायला खजिनदाराला सांगा, एकाच वर्षाचा मागू नका. एका वर्षाच्या आकड्यावरून कोणीही काहीही सिद्ध करू शकतो. मग ठरवा, की ट्रॅकच्या नफ्यातला काही भाग ट्रॅकच्याच गंगाजळीत राहील आणि पावसाचा तोटा आधी तिथून भरला जाईल. अमुक तारखेपर्यंत अमुक नोंदण्या आल्या नाहीत तर कार्यक्रम दुसऱ्या शाखेबरोबर भागीत करायचा, हेही आधीच कागदावर असू द्या. दोन शाखांनी मिळून सर्किट घेणं इकडे नवीन नाही. कोणाचा मान जातो म्हणून ते टाळलं जातं, एवढंच.

शिकवणाऱ्यांना नोंदणीचे पैसे कमी लागतात किंवा लागतच नाहीत, यावर तुमच्या लोकांचा राग असणार. बाहेरून ही फुकटेगिरी दिसते. आतून बघा: ज्याला आपण सकाळी पहिल्यांदा भेटलो त्याच्या चारशे अश्वशक्तीच्या गाडीत शेजारी बसायचं, आपल्या पायाशी ब्रेक नाही, क्लच नाही, काहीच नाही, आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी तो ब्रेक दाबेल या विश्वासावर तोंडाने सूचना देत राहायचं. भारतातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखाली निदान एक ब्रेक असतो. शिकवणारे नसतील तर नवशिके येणार नाहीत आणि नवशिके नसतील तर ते शेवटचे पंधरा-वीस कधीच भरणार नाहीत. ही सवलत मी काढणार नाही. ती किती जणांना आणि कशाच्या बदल्यात मिळते हे मात्र सभासदांना कळलं पाहिजे. दिवसभरात एकाही विद्यार्थ्याला न घेता फक्त स्वतःच्या फेऱ्या मारणारे ‘शिक्षक’ प्रत्येक शाखेत दोन-चार असतात. त्यांची नावं यादीतून काढा, आणि हे काम मुख्य शिक्षकाकडूनच होऊ द्या.

आता कार्यकारिणीतल्या बहुमताबद्दल. ट्रॅकवाल्यांनी क्लब बळकावला असं तुम्ही लिहिलंय. ट्रॅकच्या एका शनिवार-रविवारला नोंदणी बघणारा लागतो, गाड्या तपासणारे लागतात, रांगेतून गाड्या सोडणारे लागतात, वर्ग घेणारा लागतो. वीस-पंचवीस माणसं पहाटे सहाला हजर असावी लागतात, तेही बिनपगारी. असं वर्षभर एकत्र राबणारी माणसं ओळखीची होतात आणि निवडणूक आली की एकमेकांची नावं सुचवतात. आपल्या महाराष्ट्र मंडळांत नाटकाच्या तालमी करणारेच पुढे कार्यकारिणीत दिसतात आणि फक्त दिवाळीच्या जेवणाला येणारे ‘हे लोक मंडळ चालवतात’ म्हणून कुरकुरतात, त्यातलाच हा प्रकार. मागच्या तीन निवडणुकांत ट्रॅकवर न जाणारे किती जण उभे राहिले, हे एकदा तपासा. उत्तर तुम्हाला आवडणार नाही असा माझा अंदाज आहे.

पण त्या ‘ब्रंचवाले’ म्हणणाऱ्या माणसाला मी सोडणार नाही. हा प्रकार कुठून येतो ते सांगतो. ट्रॅकवर उतरंड असते आणि ती खरोखर लागते. नवशिके एका गटात, त्यांच्या वरचे दुसऱ्या गटात, असे रंगांचे गट असतात. वरच्या गटात जायला शिक्षकाची सही लागते. पुढच्या गाडीने खिडकीतून हात काढून दिशा दाखवल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही, तेही ठरलेल्याच पट्ट्यांत. वेळ मोजायची नाही, कारण हे शिक्षण आहे, शर्यत नाही. काळा झेंडा दिसला की मुकाट आत यायचं. तिथे ज्येष्ठाने कनिष्ठाला तोडून बोललेलं चालतं, कारण समजावत बसायला वेळ नसतो. संध्याकाळी तीच उतरंड खिशात घालून ही मंडळी हॉटेलात येतात, आणि गेल्याच महिन्यात नवी गाडी घेतलेल्या माणसाला विचारतात, ‘कपाटात ठेवायची होती तर घेतली कशाला?’ जेवणाच्या टेबलावर गट नसतात हे कोणीतरी त्यांना सांगावं लागतं. अध्यक्षाने सांगावं, खाजगीत, आणि एकदाच.

तुमच्या बाजूची तुच्छताही काही कमी नसते, फक्त ती सभ्य भाषेत येते. पुढच्या बंपरवर खड्यांचे टवके, दारावर निळ्या टेपने चिकटवलेला नंबर, मागची सीट काढून टाकलेली, असली गाडी सहलीला आली की ‘जरा कडेला लावता का, फोटोत येते’ असं म्हणणारे मी ऐकलेत. मला स्वतःला प्रदर्शन-स्पर्धेची गाडी तयार करणाऱ्यांबद्दल मोठा आदर आहे. कुठल्या सालच्या गाडीला कुठला क्लॅम्प होता, कुठल्या बोल्टवर कोणतं लेपन होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ट्रॅकवाल्यावर आता बनत नसलेला एखादा सुटा भाग शोधायची वेळ येते, तेव्हा तो फोन यांनाच करतो.

मुळात ही माणसं वेगळी नव्हतीच. पोर्शे क्लब ऑफ अमेरिका १९५५ मध्ये सुरू झाला आणि त्यांचं वार्षिक संमेलन, ज्याला ते परेड म्हणतात, १९५६ पासून. त्या परेडमध्ये आजही गाड्यांच्या देखणेपणाची स्पर्धा, रॅली, शंकूंमधून गाडी पळवण्याचं ऑटोक्रॉस आणि तांत्रिक प्रश्नमंजूषा, सगळं एकाच आठवड्यात होतं. पन्नाशीच्या दशकात गाडी घरून चालवत न्यायची, धुवायची, स्पर्धेत चालवायची आणि त्याच गाडीतून परत यायचं. पुढे गाड्यांची विभागणी झाली. एकाने आत लोखंडी पिंजरा बसवला, पट्ट्यांच्या सीट लावल्या आणि गाडी ट्रेलरवरून न्यायला लागला. दुसऱ्याने काचबंद गॅरेजात हवा कोरडी ठेवणारं यंत्र बसवलं. त्याच क्लबात १९९२ पासून रीतसर शर्यतींचा विभागही आहे. दोन्हीकडचा खर्च वाढला तशी दोन्हीकडची माणसं एकमेकांना कमी भेटायला लागली.

धोक्याबद्दल तुमच्या कार्यकारिणीत कोणी बोललं नसेल, पण बोलायला हवं. ट्रॅक धोकादायक आणि रविवारची सहल निरुपद्रवी, असं ब्रंचवाल्यांना वाटतं. विमेवाल्यांनाही तसंच वाटतं. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचं नुकसान बहुधा वगळलेलं असतं, त्यासाठी त्या-त्या कार्यक्रमापुरता वेगळा विमा घ्यावा लागतो. गाडीच्या बाबतीत ते खरंही आहे. माणसाच्या बाबतीत मी उलट म्हणेन. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, ब्रेक आदल्या दिवशी तपासलेले असतात, डोक्यावर आगीला तोंड देणाऱ्या अस्तराचं हेल्मेट असतं, रुग्णवाहिका इंजिन सुरू ठेवून उभी असते. सहलीच्या रस्त्यावर समोरून ट्रक येतो, हरीण आडवं जातं, सायकलवाला असतो, आणि ऑक्टोबरमध्ये ओल्या पानांखाली काय आहे ते दिसत नाही.

सहलीत खरा धोका शेवटच्या गाडीला असतो. पंचवीस गाड्यांची रांग निघाली की पहिला ताशी चाळीस मैलांनी जातो, मधले सिग्नलला अडकतात, आणि शेवटचा, ज्याला आपण मागे पडलो याची लाज वाटत असते, तो सत्तरने सुटतो. त्याच्याकडे साडेचारशे अश्वशक्ती असते आणि ती वापरायचा सराव शून्य. हा माणूस ट्रॅकवाला नसतो. ट्रॅकवाल्याला रस्त्यावर जोर दाखवायची खुमखुमी उरत नाही, निदान बहुतेकांना. माझ्या पुण्या-मुंबईकडच्या मित्रांकडे तर हे फार ठळक दिसतं. तिकडची मोठी, जुनी सर्किटं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळ कारी आणि दिल्लीशेजारी ग्रेटर नोएडात, म्हणजे रविवार सकाळच्या टप्प्यात एकही नाही. मग एक्सप्रेसवे आणि घाट हेच सर्किट होतं. मागच्या गाडीत बसलेल्या बायको-मुलांचं काय, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही.

म्हणून ऑक्टोबरच्या सहलीसाठी तुमच्या कार्यकारिणीतल्या दोघा अनुभवी ट्रॅकवाल्यांना बोलवा आणि काम द्या. आठ-दहा गाड्यांचे गट करा, प्रत्येकाच्या हाती वळणांचा छापील कागद द्या, आणि प्रत्येक वळणावर पुढची गाडी मागची दिसेपर्यंत थांबेल असा नियम करा. मग मागे पडलेल्याला पळायचं कारण उरत नाही. गटाच्या शेवटी रेडिओ घेऊन ट्रॅकवाला असू द्या. गर्दीत शांत राहून सूचना देणं हेच तर ते ट्रॅकवर करत असतात. ‘ब्रंचवाले’ म्हणणाऱ्या गृहस्थालाच सर्वांत मागची गाडी द्या.

दोन गटांना एकत्र आणायला मी पाहिलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे गाडी-तपासणीची सकाळ. एखाद्या ओळखीच्या गॅरेजात शनिवारी दोन लिफ्ट मागून घ्यायच्या, कॉफी आणि डोनट ठेवायचे आणि सगळ्यांच्या गाड्या वर घ्यायच्या. फक्त ट्रॅकवर जाणाऱ्यांच्या नव्हे, सगळ्यांच्या. ट्रॅकच्या गाडीत झीज शोधायची असते: ब्रेकचे पॅड किती उरले, चाकाचं बेअरिंग हलतंय का, ब्रेकच्या चकतीला तडे आहेत का. कमी चालणाऱ्या गाडीत वय शोधायचं असतं, आणि ते मालकाला दिसत नाही, कारण गाडी नव्यासारखी चमकत असते.

उदाहरणार्थ टायर. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत, रबर मात्र दगड झालेलं, अशा टायरवर लोक दर रविवारी जोडीदाराला घेऊन डोंगरात जातात. किंवा ब्रेक ऑइल. डॉट-४ प्रकारचं ऑइल ताजं असताना त्याचा उकळबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतली ओल शोषून ‘ओलं’ झालेल्याची किमान मर्यादा १५५. ही ओल गाडी उभी असली तरी शोषली जाते. ट्रॅकवाले दर हंगामात ऑइल बदलतात, कारण बदलल्याशिवाय त्यांना आत घेत नाहीत. सहलवाल्यांपैकी कित्येकांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं नसतं. लांब उतारावर ब्रेकचा पाय अचानक मऊ पडला की कळतं. लिफ्टखाली उभं राहून हे ऐकताना ‘तू कुठल्या गटातला’ हा विषय निघतच नाही. आणि तिथूनच एखादी बाई, जी बारा वर्षं फक्त जेवणांना येत होती, विचारते की ब्रेक जोरात दाबून बघायला कुठे मिळेल.

त्यासाठी मधल्या पायऱ्या हव्यात. मोकळ्या पार्किंगमध्ये शंकू लावून ऑटोक्रॉस, ओल्या डांबरावर घसरलेली गाडी सावरण्याचा वर्ग, ट्रॅकच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत पुढच्या गाडीमागे सावकाश मारायच्या फेऱ्या. या फेऱ्यांना हेल्मेट लागत नाही असं कोणी म्हणालं तरी विम्याच्या अटी आधी वाचा. धोका मान्य असल्याचा, माणसागणिक सही केलेला कागदही लागतो. उघड्या टपाच्या गाडीवाल्यांना मात्र आधीच सांगून ठेवा की पुढे ट्रॅकवर यायचं तर मागे लोखंडी कमान लागेल, आणि कमानीवरून समोरच्या काचेच्या चौकटीपर्यंत काठी टेकवली तर हेल्मेट त्याखाली राहायला हवं. हे नियम ऐनवेळी कळले की माणूस अपमान समजतो.

लाइम रॉक तुमच्यापासून दोन-तीन तासांवर आहे, एकदा तिथे जाऊन या. कनेटिकटमधलं हे दीड मैलांचं सर्किट १९५७ मध्ये सुरू झालं, शेजारी कोर्टात गेले आणि १९५९ मध्ये रविवारच्या शर्यतींवर मनाई आली. ती आजही आहे. म्हणून सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या सुट्टीत तिथे जुन्या गाड्यांचा महोत्सव होतो, तेव्हा बाकीचे दिवस त्या धावतात आणि रविवारी ट्रॅकच्याच कडेने देखण्या गाड्या प्रदर्शनाला उभ्या राहतात. शनिवारी तेलाने माखलेले हात रविवारी दुसऱ्याच्या गाडीचं क्रोम न्याहाळताना दिसतात. कोर्टाने घडवलं खरं, पण वेळापत्रक माणसांना किती जवळ आणू शकतं ते तिथे दिसतं.

क्लब फोडू नका. नुसत्या ट्रॅकवाल्यांचा क्लब काही वर्षांत म्हातारा होतो, कारण त्यांचे नवशिके जेवणांना येणाऱ्यांतूनच येत असतात. नुसत्या जेवणवाल्यांचा क्लब हा मित्रांचा गट होतो आणि ते मित्र फ्लोरिडाला राहायला गेले की संपतो. एकच परिस्थिती अशी आहे जिथे मी वेगळं व्हा म्हणेन: ट्रॅकच्या नोंदणीत आपल्या बनावटीच्या गाड्या आणि आपले सभासद दोन्ही अल्पसंख्य झाले असतील तर. जागा भरायला इतर बनावटीच्या गाड्या घेणं सर्रास चालतं आणि त्यात गैर नाही. पण मग शाखा नुसती सर्किट भाड्याने देणारी संस्था उरते आणि तिचा तोटा सभासदांनी भरायचं कारण राहत नाही. सभासदांना पहिले काही आठवडे नोंदणीत प्राधान्य ठेवलं की ही वेळ सहसा येत नाही.

जेवणाच्या सवलतीसाठी भांडू नका असं मी सुचवेन. एवढ्या किमतीच्या गाडीतून येणाऱ्याचं सँडविच क्लबाने का भरावं, याचं पटेल असं उत्तर मला खजिनदार असतानाही सापडलं नव्हतं. तेवढं बळ तारखांसाठी राखून ठेवा. सर्किट आपल्या तारखा बरंच आधी देतं आणि त्या बदलता येत नाहीत; तुमच्या सहलीची तारीख तुमच्या हातात असते. पुढच्या वर्षीचं वेळापत्रक ठरेल त्या बैठकीत आधी ट्रॅकच्या तारखा लिहून घ्या, मग पानगळीच्या सहलीसाठी मोकळा रविवार धरा, आणि तपासणीची सकाळ ट्रॅकच्या आधीच्या शनिवारी टाका. ज्या दोघांना तुम्ही सहलीच्या मागच्या गाड्या देणार आहात, ते त्या रविवारी न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या सर्किटवर असता कामा नयेत.